कोचीची दोन दिवसांची यात्रा

कोंकण रेल्वेचा मार्ग सन १९९८ मध्ये सलग खुला झाला, तेव्हापासून केरळचा किनारा गोमंतकाला एका रात्रीच्या अंतरावर आला आहे. शुक्रवारी संध्याकाळी वा रात्री मडगावला गाडीत बसावे, शनिवारी एर्नाकुळमला उतरावे, दोन दिवस कोची शहर पाहून रविवारी रात्री परतीची गाडी धरावी, असा बेत आज गोव्यातील अनेक घरांतून आखला जातो. सातशे किलोमीटरांहून अधिक अंतर सुमारे बारा ते पंधरा तासांत काटले जाते आणि सोमवारी पुन्हा कामावर रुजू होता येते. वृद्ध मंडळींना घेऊन जाण्यासही हा प्रवास अवघड नाही.

ह्या सहलीचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. समुद्रकाठची चिनी जाळी, वास्को द गामाच्या थडग्याचे चर्च, डच राजवाडा, ज्यूंचे सिनेगॉग, मिरी-वेलचीची खरेदी आणि रात्री जमल्यास कथकळी. हॉटेलवाल्यांनी आणि मोटारवाल्यांनी बांधून दिलेला हा क्रम कोणत्याही देशीच्या प्रवाशाला पुरेसा आहे. गोव्यातील देवस्थानांच्या महाजन घराण्यांना मात्र तो पुरेसा नाही. कारण त्यात चेरळाईचे नाव नसते. मट्टांचेरीच्या राजवाड्यापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर चेरळाई ही वस्ती आहे, तेथे श्री वेंकटाचलपतीचे तिरुमल देवस्थान आहे आणि त्याच्या भोवती, चार शतकांहून अधिक काळ, गोमंतकातून गेलेली माणसे घरात कोंकणी बोलत राहत आली आहेत. ज्या संकटाने मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा, रामनाथ ह्या दैवतांना नदीपार नेले, त्याच संकटाने ह्या माणसांना दूर दक्षिणेत नेले. त्यांचे घर वगळून कोची पाहणे म्हणजे नातलगाच्या गावी जाऊन धर्मशाळेत उतरण्यासारखे आहे.

म्हणून दोन दिवसांचा बेत कसा आखावा, हे ठरविण्यापूर्वी त्या शहराची घडण समजून घेणे इष्ट ठरते.

कोची हे एक नगर नव्हे, दोन नगरे होती. इ. स. १३४१ मध्ये पेरियार नदीला आलेल्या महापुराने कोडुंगल्लूरचे प्राचीन बंदर गाळाने निकामी झाले आणि दक्षिणेस नवे मुख उघडून कोचीचे नैसर्गिक बंदर तयार झाले, असे मानले जाते. पंधराव्या शतकात चिनी आरमारे येथे येऊन गेली. दिनांक २४ डिसेंबर १५०० रोजी पेद्रु आल्व्हारिश काब्रालची गलबते कोचीला लागली. कालिकतच्या सामुरी राजाशी पोर्तुगीजांचे बिनसले होते. सामुरीच्या दडपणाखाली असलेल्या कोचीच्या राजाला नवा मित्र हवा होता. ह्या गरजेतून सन १५०३ मध्ये बंदराच्या मुखाशी पोर्तुगीजांचा किल्ला उभा राहिला. भारतभूमीवरचा हा त्यांचा पहिला किल्ला. सन १५०५ मध्ये आलेला पहिला विजरई फ्रांसिश्कु द आल्मैद ह्याने कोचीलाच आपले मुख्य ठाणे केले, आणि १५३० मध्ये ते गोव्यास हलेपर्यंत पोर्तुगीज हिंदुस्थानची राजधानी कोची होती. गोवा राजधानी होण्याआधीची राजधानी म्हणून तरी गोमंतकीयाने हे शहर पाहावे.

परंतु पोर्तुगीजांच्या हाती आले ते केवळ किल्ल्याचे नगर. तेथून कोस-दीड कोस आत, खाडीच्या काठी, राजाचे नगर होते आणि ते राजाचेच राहिले. पोर्तुगीज दप्तरांत किल्ल्याच्या नगराला 'कोशीं द बायशु', म्हणजे खालची कोची, आणि राजाच्या नगराला 'कोशीं द सीमा', म्हणजे वरची कोची, अशी नावे आहेत. लिसेवमध्ये शिकलेल्या पिढीला खालच्या कोचीचा इतिहास तोंडपाठ असे. गामाच्या गलबतांची नावेही ती पिढी न चुकता सांगे. वरच्या कोचीकडे मात्र तिचे लक्ष कधी वेधले गेले नाही. वास्तविक गोमंतकीयाचे खरे नाते त्या वरच्या कोचीशी आहे. तिलाच आज मट्टांचेरी म्हणतात.

हे नाते कसे जुळले, ते गोव्यातील देवस्थानांच्या इतिहासाशी निगडित आहे. सन १५१० मध्ये आफोंसु द आल्बुकेर्कने तिसवाडी घेतली. पहिली तीस वर्षे हिंदू मंदिरांना सर्वसाधारणपणे हात लावला गेला नाही. सन १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यास आरंभ झाला. १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६६-६७ मध्ये साष्टीतील मंदिरांचा विध्वंस झाला. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदोड्यास गेला. अंत्रूज महाल त्या वेळी आदिलशाहीत होता आणि १७६३ पर्यंत तो पोर्तुगीजांच्या अमलाखाली आला नाही. देव एक नदी ओलांडून सुरक्षित झाले. जी घराणी देवांबरोबर अंत्रूजात गेली, किंवा पुढे देवांच्या नव्या ठिकाणांशी आपला संबंध राखू शकली, त्यांच्यातूनच आजची महाजन मंडळी उभी राहिली. हा भाग ह्या ग्रंथाच्या वाचकांना विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

ज्यांनी नदी न ओलांडता समुद्राची वाट धरली, त्यांची गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने कारवार, कुमठे, होन्नावर, भटकळ, बसरूर, मंगळूर असे टप्पे घेत ही कुटुंबे दक्षिणेस सरकली. काही वाटेतच स्थिरावली, काही कोचीपर्यंत पोहोचली. त्यांत केवळ सारस्वत ब्राह्मण नव्हते. सोनारकाम करणारे दैवज्ञ होते, वैश्य वाणी होते आणि शेती-मजुरी करणारे कुणबीही होते. केरळात ह्या कुणब्यांना 'कुडुंबी' म्हणतात आणि ते शिमग्याचा उत्सव, त्या प्रांतात इतर कोणाला फारसा ठाऊक नसलेला, आजही हळदीच्या रंगात साजरा करतात. स्थलांतराचा इतिहास लिहिताना शेणै-कामतांचीच नावे पुढे येतात. ज्यांनी ओझी वाहिली त्यांचीही आठवण त्याच ओळीत असावयास हवी.

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. फिरंग्यांच्या जाचातून सुटण्यासाठी गोवा सोडलेल्या माणसांनी, जेथे फिरंग्यांचा किल्ला आहे तेच शहर का निवडावे? उत्तर त्या दोन कोचींमध्ये आहे. खालच्या कोचीत पोर्तुगीजांचा कायदा चाले, वरच्या कोचीत राजाचा. पोर्तुगीजांना मिरी हवी होती. ती राजाच्या मुलखातून येई. राजाला दुखवून मिरी मिळणे शक्य नव्हते. म्हणून जी सत्ता गोव्यात देवळे पाडीत होती, तीच सत्ता कोचीत राजाच्या प्रजेच्या देवळाशेजारी व्यापार करीत होती. किनाऱ्याच्या व्यापाराची ओळख असलेल्या कोंकणी व्यापाऱ्यांनी हे मर्म चटकन ओळखले असले पाहिजे. तांदूळ, कापड, मसाले ह्यांच्या उलाढालीत त्यांनी जम बसविला आणि प्रसंगी पोर्तुगीजांशीही देवघेव केली. ह्यात कोणाला विसंगती वाटेल. परंतु घरदार सोडून आलेल्या माणसाला पोट भरण्यासाठी बाजार निवडता येत नाही; देव्हारा कोठे मांडावयाचा एवढेच त्याच्या हाती असते, आणि तो त्यांनी राजाच्या हद्दीत मांडला.

कोचीच्या राजघराण्याचे ह्याबाबतीतील औदार्य खरोखर स्मरणीय आहे. ह्याच सोळाव्या शतकात कोडुंगल्लूरहून विस्थापित झालेल्या ज्यूंनाही राजाने आश्रय दिला आणि आपल्या राजवाड्याच्या भिंतीलगत जागा दिली. सन १५६८ मध्ये तेथे त्यांचे सिनेगॉग उभे राहिले. एका बाजूस ज्यूंची गल्ली, दुसऱ्या बाजूस कोंकण्यांची चेरळाई, मध्ये राजवाडा. आणि राजवाड्याच्या आवारात राजघराण्याची देवी. दोन निर्वासित समाज एकाच राजाच्या अंगणात शेजारी म्हणून नांदले. मट्टांचेरीतून फिरताना ही मांडणी डोळ्यांसमोर ठेवली, म्हणजे तेथील प्रत्येक वास्तू वेगळी दिसू लागते.

श्री वेंकटाचलपतीची मूर्ती विजयनगराकडून आली आणि विजयेंद्रतीर्थांच्या हातून काशी मठाच्या स्वामींकडे येऊन सन १५९९ मध्ये कोचीत तिची प्रतिष्ठापना झाली, अशी देवस्थानची परंपरा आहे. कुलदैवते मागे राहिली होती. ती गोव्यात, नव्या ठिकाणी का होईना, विराजमान होती. निरनिराळ्या कुलदैवतांच्या घराण्यांना एकत्र बांधणारे एक ग्रामदैवत हवे होते, आणि ते स्थान वेंकटेशाने घेतले. तेथील समाजाला विचारल्यास तो कुलदैवत म्हणून म्हार्दोळ, मंगेशी, नागेशी, कवळे ह्यांचीच नावे सांगेल. दोन दैवतांशी असे दुहेरी नाते जपणे सोपे नसते. कुलदैवताचे दर्शन पिढीत एखाद्या वेळी, आणि नित्याचे दर्शन चेरळाईचे.

सन १६६२ हे साल ह्या दोन्ही शेजाऱ्यांना सारखेच कठीण गेले. डचांनी कोचीला वेढा दिला, पण पहिल्या खेपेस त्यांना माघार घ्यावी लागली. डचांना मदत केल्याच्या रागाने पोर्तुगीजांनी ज्यूंची वस्ती जाळली आणि सिनेगॉगची हानी केली. कोंकण्यांचे मंदिरही त्याच धामधुमीत उद्ध्वस्त झाले असे देवस्थानच्या परंपरेत नमूद आहे. गोव्यात जे घडले होते ते शंभर वर्षांनी त्यांना कोचीत येऊन गाठते झाले. परंतु फार काळ नव्हे. जानेवारी १६६३ मध्ये किल्ला डचांच्या हाती पडला आणि पोर्तुगीजांची कोचीतील सत्ता कायमची संपली. डचांनी कोंकण्यांना कंपनीच्या संरक्षणाखाली घेतले. ते धर्मप्रेमामुळे नव्हे हे उघड आहे. व्यापार ज्यांच्या हाती होता त्यांना हाताशी धरणे कंपनीच्या फायद्याचे होते.

डच काळातील एक प्रकरण मात्र व्यापाराच्या पलीकडे जाते, आणि प्रत्येक गोमंतकीयाने ते लक्षात ठेवावे अशी त्याची योग्यता आहे. मलबारचा डच प्रमुख हेंड्रिक व्हान रेडे ह्याने त्या प्रांतातील वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. 'हॉर्टुस मलाबारिकुस' ह्या नावाने तो आम्स्टरडॅम येथे सन १६७८ ते १६९३ ह्या काळात बारा खंडांत छापला गेला. सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रे व वर्णने त्यात आहेत. ह्या कामी रेडेला माहिती पुरविणाऱ्यांत इट्टि अच्युतन हा मलबारी वैद्य जसा प्रमुख होता, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. स्वतःजवळचा निघंटू आणि पिढीजात अनुभव ह्यांच्या आधारे त्यांनी वनस्पतींची नावे व गुण सांगितले. दिनांक २० एप्रिल १६७५ रोजी त्यांनी लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात त्यांच्याच अक्षरवळणाने, नागरी लिपीत आणि कोंकणी भाषेत कोरून छापला आहे. चित्रांवरही इतर लिप्यांबरोबर नागरी लिपीत कोंकणी नावे आहेत. भाषेच्या प्रश्नावर गोव्यात अनेक वर्षे जी शाई आणि जो घाम खर्ची पडला, त्याच्याशी ह्या दाखल्याची सांगड घालण्याचे येथे प्रयोजन नाही. ज्या काळी गोव्यात देशी भाषेतील ग्रंथांवर गदा आली होती, त्या काळी गोव्यातून गेलेल्या कुटुंबांतील तीन वैद्य आपल्या लिपीत सही करून युरोपातील विद्वानांना ज्ञान देत होते, एवढे पुरे आहे. हा ग्रंथ शतकानुशतके लॅटिनमध्येच पडून होता. केरळातील वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल ह्यांनी आयुष्यातील अनेक वर्षे वेचून त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

राजाश्रयाचीही एक काळी बाजू आहे आणि ती झाकणे योग्य होणार नाही. सन १७९० मध्ये शक्तन तंपुरान गादीवर आला. कर्तबगार पण कठोर असा हा राजा. देवस्थानच्या संपत्तीवरून आणि कोंकण्यांवरील अधिकारावरून त्याचे व डचांचे वितुष्ट वाढले. १७९१ मध्ये त्याने समाजातील प्रमुख व्यापाऱ्यांचा वध करविला आणि त्यांची दुकाने लुटली गेली. डच गव्हर्नर व्हान आंगेलबेक ह्याने सैन्य पाठविले, पण गेलेले जीव परत येणारे नव्हते. समाजाचा मोठा भाग श्रींची मूर्ती घेऊन त्रावणकोरच्या हद्दीत, तुरवूर व पुढे आलप्पुळा येथे गेला. तेथे त्याच सुमारास दिवाण केशवदास नवे बंदर वसवीत होते आणि व्यापाऱ्यांना आमंत्रण देत होते. पूर्वजांनी गोव्यात जे केले तेच वंशजांना दोनशे वर्षांनी पुन्हा करावे लागले: देव उचलावा आणि हद्द ओलांडावी. मूर्ती कोचीस परत आली ती १८५३ मध्ये, तीही गुप्तपणे, असे सांगतात. आजच्या मंदिराची प्रतिष्ठापना त्यानंतर, १८८१ मध्ये झाली.

आता प्रत्यक्ष बेताकडे वळावे. बेत आखताना वारांचा विचार प्रथम करावा लागतो, आणि बहुतेकांची फसगत येथेच होते. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. सिनेगॉग शनिवारी, त्यांच्या शब्बाथमुळे, बंद असते. सांत फ्रांसिश्कुच्या चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असतात आणि त्या वेळी पाहुण्यांनी आत फिरणे प्रशस्त नव्हे. ह्या तिन्ही अडचणी ध्यानात घेतल्यास बेत आपोआप ठरतो: शनिवार किल्ल्याच्या कोचीला आणि रविवार मट्टांचेरीला. इतिहासाचा क्रमही हाच आहे, हा एक सुखद योगायोग.

शनिवारी एर्नाकुळमला उतरून थोडी विश्रांती घ्यावी आणि हायकोर्टाजवळच्या धक्क्यावरून जलमार्गाने फोर्ट कोचीस जावे. पूर्वीच्या सरकारी बोटी आहेतच. सन २०२४ पासून नव्या जलमेट्रोच्या नौकाही तेथे जातात. मोटारीने पुलांवरून जाण्यापेक्षा हा मार्ग निःसंशय चांगला. बंदर कसे आहे ते पाण्यावरूनच कळते. वाटेत दिसणारे विलिंग्डन बेट हे निसर्गनिर्मित नाही. सन १९२० मध्ये आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो ह्या इंजिनिअराने बंदरातील गाळ उपसून त्या भरावावर ते वाढविले, आणि त्याच्या देखरेखीखाली बंदराच्या मुखाशी असलेला वाळूचा बांध कापल्यानंतर १९२८ मध्ये मोठी आगबोट प्रथम आत आली.

किल्ल्यात आज किल्ला नाही. डचांनी पोर्तुगीज नगर छाटून लहान केले, बहुतेक चर्चे पाडली. १७९५ मध्ये इंग्रज आले आणि १८०६ मध्ये त्यांनी तटबंदी व जुने कॅथीड्रल सुरुंग लावून उडविले. आजचे सांताक्रूझ बॅसिलिका त्यानंतरचे, १९०५ मध्ये पवित्र केलेले आहे. ज्यांनी गोव्यात देवळे पाडली त्यांची चर्चे त्यांच्याच धर्माच्या दुसऱ्या पंथाने पाडावीत, ह्यावर अधिक भाष्याची गरज नाही. डचांनी जे एक राखले ते सांत फ्रांसिश्कुचे. विटा-दगडांत १५१६ च्या सुमारास पूर्ण झालेले हे चर्च प्रथम फ्रांसिस्कनांचे, मग डच प्रोटेस्टंटांचे, पुढे अँग्लिकनांचे आणि आता दक्षिण भारत चर्चचे. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत मरण पावला आणि येथे पुरला गेला. पुढे चौदा-पंधरा वर्षांनी त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या. कठड्याच्या आत जी शिळा दिसते तिच्याखाली आता कोणी नाही. पणजीच्या शाळांतून त्याच्या नावाने उत्सव पाहिलेल्या वृद्धांनी त्या रिकाम्या जागेपाशी क्षणभर थांबण्यास हरकत नाही. भिंतींवर लावलेले पोर्तुगीज व डच शिलालेख वाचण्याजोगे आहेत. जुनी पोर्तुगीज येणाऱ्या वडीलधाऱ्यांना त्यांतील संक्षेप सहज लागतील, आणि नातवंडांसमोर आपली विद्या दाखविण्याची अशी संधी त्यांना क्वचितच मिळते.

चिनी जाळ्यांसंबंधी एवढेच की ती चिनी आरमाराने आणली असे लोक सांगतात, तर काही अभ्यासक मकावमार्गे पोर्तुगीजांनी आणली असे मानतात. जाळ्याच्या भागांची कोळ्यांच्या तोंडची कित्येक नावे पोर्तुगीज वळणाची आहेत हे दुसऱ्या पक्षाला अनुकूल आहे. संध्याकाळी तेथे गर्दी असते. पलीकडे व्हायपिन बेट दिसते. त्या बेटावर व कोचीच्या परिसरात काही कॅथलिक घरांतून पोर्तुगीजपासून झालेली एक मिश्र बोली पाचशे वर्षे बोलली जात होती. ती सफाईने बोलणारा अखेरचा मनुष्य सन २०१० मध्ये निवर्तला.

रविवारी पहाटे उठावे. केरळातील मंदिरे लवकर उघडतात आणि दुपारी दीर्घकाळ बंद राहतात, म्हणून चेरळाईस सकाळीच पोहोचले पाहिजे. पुरुषांनी धोतर वा मुंडू नेसून, अंगातील सदरा काढून आत जाण्याचा तेथील रिवाज आहे. गोव्याहून जाताना सामानात एक धोतर वा लुंगी व उपरणे ठेवल्यास ऐनवेळी धावाधाव होत नाही. मंदिराची रचना गोव्याच्या देवळांपेक्षा वेगळी आहे. दीपमाळ व घुमट शोधणाऱ्या नजरेला प्रथम परकेपणा वाटतो. पण रांगेत उभ्या असलेल्या बायकांचे बोलणे कानावर पडले की तो मावळतो. त्यांच्या कोंकणीत मल्याळम् शब्द पुष्कळ आहेत, हेल वेगळा आहे, काही शब्द गोव्यात केव्हाच मागे पडलेले आहेत. तरी सावकाश बोलल्यास समजते. पै, कामत, प्रभू, शेणै, किणी, मल्ल्या, भट ही उपनामे कानावर येतील. गोव्यात ह्यांच्यापुढे गावांची नावे लागली, तिकडे मूळ नावे तशीच राहिली.

गोव्यातून आल्याचे कळले की पहिला प्रश्न होतो तो कुलदैवताचा. उत्तर देताना गोव्यातील मनुष्य सहज 'आम्ही अमुक देवस्थानचे महाजन' असे म्हणून जातो. ह्या शब्दाचा अर्थ तिकडे वेगळा लागतो आणि त्यामागे एक वेदनेची जागा आहे. सन १८८६ मध्ये पोर्तुगीज सरकारने माझानींची नियमावली केली आणि त्यानुसार महाजनांच्या याद्या झाल्या. त्या याद्यांत जी नावे चढली ती त्या वेळी येथे राहत असलेल्या, देवस्थानाशी ज्यांचे व्यवहार चालू होते अशा घराण्यांची. तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेस गेलेल्यांची नावे त्यांत येणे साहजिकच शक्य नव्हते. ते कुळावी राहिले. देव तोच, गोत्र तेच, कित्येकदा मूळ वाडाही एकच. एक घराणे कारभारात बसते आणि दुसरे अग्रशाळेत उतरते. कायद्याने हा भेद आज पुसता येणारा नाही आणि त्यासाठी कोणी वाद घालावा असेही नाही. परंतु कोचीहून एखादे कुटुंब लग्नानंतर नवदांपत्याला घेऊन कुलदैवताच्या दर्शनासाठी रात्रभर प्रवास करून गोव्यात येते, अभिषेक करते, प्रसाद पाकीट करून नेते, आणि गोव्यातील महाजनाचे कुटुंब कोचीत दोन दिवस राहून चिनी जाळ्यांची छायाचित्रे घेऊन परतते, ही तफावत थोडी बोचणारी आहे खरी.

चेरळाईत दोन-तीन तास काढावेत. मंदिराजवळच्या उपाहारगृहांत वा कोणा ओळखीच्या घरी दाळीतोय आणि फणसाच्या पानांच्या द्रोणात वाफवलेले खोट्टे मिळाल्यास ते सोडू नयेत. कोंकणी भाषा प्रचार सभा ही संस्था १९६६ पासून ह्याच शहरात काम करीत आली आहे. पुस्तकांची आवड असणाऱ्यांनी तिची चौकशी करावी. तेथून राजवाडा. हा राजवाडा पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून राजा वीर केरळ वर्मा ह्यास भेट दिला. एका मंदिराची लूट झाल्याबद्दलची ही भरपाई होती असे सांगतात. डचांनी १६६३ नंतर दुरुस्ती केली म्हणून त्याला डच राजवाडा म्हणतात. नावाचा मान डागडुजी करणाऱ्याकडे गेला. आतील रामायणाची भित्तिचित्रे सावकाश पाहावीत. घाईने पाहणाऱ्यास त्यांत केवळ तांबूस-पिवळा रंग दिसतो.

सिनेगॉग राजवाड्याच्या मागेच आहे. घड्याळाचा मनोरा १७६० चा. जमिनीवरील निळ्या नक्षीच्या पांढऱ्या फरशा चीनमधून आणविलेल्या आहेत आणि त्या सर्व हातांनी रंगविल्या आहेत. एकेकाळी ही गल्ली ज्यू कुटुंबांनी भरलेली होती. सन १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यावर बहुतेक सर्व तिकडे गेले, आणि आज त्या गल्लीत जुन्या वस्तूंची दुकाने आहेत, ज्यू जवळजवळ कोणी नाहीत. सामुदायिक प्रार्थनेस लागणारे दहा पुरुष गावातून मिळणे केव्हाच बंद झाले. पायी पंधरा मिनिटांवरच्या चेरळाईत मात्र सकाळी रांग होती.

उरलेला वेळ बाजार रस्त्यावर घालवावा. जुन्या वखारींतून सुंठ, मिरी, हळद ह्यांचा वास येतो. खरेदी करावयाची तर पर्यटकांच्या दुकानांपेक्षा येथे करावी. पावसाळ्यात हा प्रवास टाळावा; नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एक वर्षाआड डिसेंबरपासून तेथे चित्रकलेचे मोठे प्रदर्शन भरते, त्या वेळी राहण्याच्या जागा महाग होतात व आधी राखून ठेवाव्या लागतात. परतीच्या गाडीचे आरक्षण तर महिनाभर आधी केलेले बरे. गाडी रात्री उशिराची मिळाल्यास एक लाभ होतो: सायंकाळी चेरळाईचे दार पुन्हा उघडते, दिवे लागतात, आणि दीपाराधना पाहून एर्नाकुळम जंक्शनवर वेळेत पोहोचता येते.